दौतकाकांचा फॉन्ट

लोकांना "बंद करा आणि पुन्हा चालू करा" असं सांगण्याचा मी पगार घेतो. दुकानांची बिलं काढणारा एक प्रोग्राम आहे, त्याच्या मदत-केंद्रात मी फोन उचलायला बसतो. दिवसभर चिडलेली माणसं माझ्यावर ओरडतात, मी गोड आवाजात हे एकच वाक्य सांगतो आणि बहुतेकांचं काम होऊन जातं. उरलेल्यांना मी वरच्या मजल्यावर जोडून देतो. एवढीच माझी विद्या. पण सासुरवाडीने तिचा अर्थ असा लावला आहे की ज्या वस्तूला पडदा किंवा बटण आहे ती मला कळते. मेव्हणीचं कपडे धुण्याचं यंत्र मी बघितलंय. मावससासऱ्यांच्या कानातलं यंत्रही बघितलंय. तेही बंद करून पुन्हा चालू केलं होतं.

त्यामुळे सासऱ्यांच्या फॉन्टचं लचांड माझ्याच गळ्यात पडलं यात नवल काही नव्हतं.

सासरे आमच्याच घरी राहतात. पाणीपुरवठा खात्यातून ते निवृत्त झाले, पण खात्याच्या बँडमधून झाले नाहीत. त्यांना वाद्य म्हणाल तर एकही येत नाही, शिट्टीसुद्धा धड वाजत नाही. ते बँडचे नकलनवीस. बँडमास्तर नवी चाल रचतात ती एका मोठ्या कागदावर, सगळी वाद्यं एकाखाली एक. त्यातून क्लॅरिनेटचं वेगळं पान, ट्रम्पेटचं वेगळं, ट्युबाचं वेगळं, अशी प्रत्येकाच्या स्वरांची टिंबं पाच रेघांवर हाताने उतरवून काढायची, हे सासऱ्यांचं काम. ते टाकाने लिहायचे. टाक दौतीत बुडवायचा, कडेला निथळायचा, थोडी टिंबं काढायची, पुन्हा बुडवायचा. सगळं खातं बॉलपेनवर आलं तरी यांची दौत जागची हलली नाही, म्हणून बँडमध्ये त्यांना दौतकाका म्हणतात.

गेल्या वर्षी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. कपबशीचा आवाज होतोय इथपर्यंत आम्ही कानाडोळा केला. पण नंतर एक सलामीची चाल त्यांनी उतरवली आणि ट्युबावाल्याने ती वाजवली. हा ट्युबावाला म्हणजे व्हॉल्व्ह-दुरुस्ती विभागातला एक धिप्पाड गृहस्थ, सगळे त्याला भोंगा म्हणतात. कागदावर असेल ते वाजवायचं, स्वतःचं डोकं मध्ये आणायचं नाही, हे त्याचं तत्त्व. एका टिंबाची दांडी काढताना सासऱ्यांचा हात हलला होता आणि दांडी नागमोडी झाली होती. भोंग्याने ती नागमोडही वाजवली. ऐकणाऱ्यांना वाटलं पाइप फुटला.

दुसऱ्या दिवशी बँडमास्तर घरी आले. हातात फळांची पिशवी होती, तेव्हाच मी काय ते ओळखलं. निरोगी माणसाकडे कोणी उगाच फळं आणत नाही. बँडमास्तर तसे भले गृहस्थ. येऊन बरीच वर्षं झाली, पण दौतकाकांच्या हिशेबात अजून "नवे मास्तर". त्यांनी आधी हवापाण्याचं बोलून घेतलं, मग म्हणाले, काका, आता जरा आराम करा, खात्याने स्वर लिहिण्याचा प्रोग्राम घेतलाय, पानं तोच काढून देईल. सासरे हो म्हणाले. मास्तर गेल्यावर त्यांनी सगळ्या निबा धुतल्या, फडक्याने पुसल्या आणि डबीत भरून डबी माळ्यावर ठेवली. मग स्वयंपाकघरात जाऊन माझ्या बायकोला म्हणाले, "मी आता बँडचा कोणी नाही."

माझी बायको रडत नाही, कामाला लागते. औषधांच्या खोक्यांवरची लेबलं ती रेखाटते, अक्षराचा कुठला भाग किती जाड आणि कुठला किती बारीक यावर ती जेवता जेवता व्याख्यान देऊ शकते. योगायोगाने त्याच आठवड्यात मास्तरांनी प्रोग्राममधून निघालेली छापील पानं बँडला देऊन बघितली, आणि फजिती झाली. साधी, सगळ्यांच्या ओठांवरची चाल, पण बँड ती एका दमात वाजवत सुटला. मध्ये कोणी श्वासच घेईना. ट्रम्पेटवाला लालबुंद होऊन खाली बसला, क्लॅरिनेटवाल्या बाईंना पाणी द्यावं लागलं. छापील अक्षर मेल्यासारखं दिसतं, त्यात जीव रमत नाही, असं सगळ्यांचं मत पडलं. मास्तर म्हणाले, होईल सवय.

बायकोने हे ऐकलं आणि ती थेट मास्तरांकडे गेली. तिचं म्हणणं असं: बँडला बाबांच्या अक्षराची सवय आहे. बाबांच्या जुन्या पानांवरून मी त्यांच्या टिंबांचा, दांड्यांचा, सगळ्या खुणांचा फॉन्ट बनवते. टिंबं मशीन मांडेल, पण दिसतील बाबांची. मास्तरांनी विचार केला. पुढच्या महिन्यात पाण्याच्या नव्या टाकीचं उद्घाटन होतं आणि त्यासाठी त्यांनी "टाकीची सलामी" नावाची चाल रचली होती. तोवर दौतकाकांच्या अक्षरात पानं निघाली तर उत्तम, नाही तर छापील, आणि मग कायमचं छापील, असं ठरलं.

घरभर जुनी पानं पसरली. सोफ्यावर क्लॅरिनेट, जेवणाच्या टेबलावर ट्रम्पेट, माझ्या पलंगावर ट्युबा. बायकोने पानं स्कॅन केली आणि सासऱ्यांना विचारलं, यातलं सगळ्यात चांगलं टिंब कुठलं? सासरे आधी कानावर हात ठेवत होते. मशीनला माझं अक्षर कसं येणार, माझं मलाच येत नाही आता. पण निवडायला सांगितलं की माणसाला राहवत नाही. भिंग घेऊन त्यांनी पानामागून पान चाळलं आणि एका टिंबावर बोट ठेवलं. "हे घे. भरलेलं आहे. बाकीची वाळकी आहेत." आम्हा दोघांनाही ते टिंब फार आवडलं. काळंभोर, गोल, कडेला शाईचा किंचित फुगवटा. बायकोने तेच फॉन्टमध्ये घातलं. पुढे जे रामायण घडलं ते त्या टिंबामुळे, आणि त्याला आम्ही तिघेही सारखेच जबाबदार.

फॉन्ट तयार झाला. बायकोने तो कॉम्प्युटरवर चढवला, मास्तरांनी दिलेल्या स्वरांच्या प्रोग्राममध्ये "टाकीची सलामी" उघडली, फॉन्ट निवडायची यादी खाली ओढली, आणि यादीत तो नव्हता.

"अहो कॉम्प्युटरवाले," ती म्हणाली. ती मला एरवी तूच म्हणते, अहो आलं की मी समजतो.

मी प्रोग्राम बंद करून पुन्हा चालू केला. नाही. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. आता यादीत "दौत" हे नाव आलं आणि मी छाती फुगवून खुर्चीत मागे रेललो. तो निवडला. "टाकीची सलामी" या मथळ्याच्या जागी रिकाम्या चौकटींची रांग उभी राहिली, आणि खालची टिंबं मात्र होती तशीच, छापील. मी पुन्हा निवडला. पुन्हा चौकटी. सासरे मागे उभे राहून बघत होते. त्यांनी विचारलं, "जावईबापू, या खिडक्या कसल्या?" मी म्हटलं, बाबा, जरा थांबा.

मग लक्षात आलं की याद्या दोन आहेत. एक मथळे वगैरे लिहायच्या अक्षरांची आणि दुसरी स्वरांच्या खुणांची. आमचा फॉन्ट पहिल्या यादीत जाऊन बसला होता, तिथे त्याचं काहीच काम नव्हतं, कारण त्यात अक्षरं नव्हतीच. आणि दुसऱ्या यादीत, जिथे त्याची गरज होती, तिथे त्याला कोणी ओळखत नव्हतं. घोडं इथे पेंड खात होतं.

शेवटी मी प्रोग्रामवाल्यांच्या मदत-केंद्राला फोन लावला. माझ्यासारख्याने दुसऱ्याच्या मदत-केंद्राला फोन लावायचा म्हणजे स्वयंपाक्याने शेजारी जेवायला जाण्यासारखं आहे, पण अडला होतो. एका मुलीने गोड आवाजात फोन उचलला. मी तिला सगळं सविस्तर सांगितलं, याद्या दोन आहेत इथपासून. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, तुम्ही बंद करून पुन्हा चालू केलंत का?

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिला सांगितलं की बाई, मी स्वतः हेच काम करतो. ती म्हणाली, हो का सर, मग एकदा बंद करून चालू करता का? तोच आवाज, तीच गोडी, वाक्य संपताना किंचित वर जाणारा तोच सूर. लोक माझ्यावर का ओरडतात ते मला त्या दिवशी कळलं. मी ओरडलो. तिने मला वरच्या मजल्यावर जोडून दिलं.

वरचा मजला मात्र शहाणा निघाला. तिथल्या माणसाने सांगितलं की स्वरांच्या फॉन्टसोबत आणखी एक फाइल लागते. टिंबाला दांडी कुठे चिकटते, कुठली खूण किती रुंद, हे त्या फाइलमध्ये लिहून ती ठरावीक फोल्डरमध्ये ठेवावी लागते, नाही तर प्रोग्राम त्याला स्वरांचा फॉन्ट मानतच नाही. बायकोने मोजमापं काढून फाइल बनवली, मी ती जागच्या जागी ठेवली आणि (सांगायला लाज वाटते) सगळं बंद करून पुन्हा चालू केलं. दुसऱ्या यादीत "दौत" आला. निवडला. सगळ्या पानाने एका क्षणात कात टाकली. टिंबं सासऱ्यांची झाली, विश्रांतीच्या खुणा सासऱ्यांच्या झाल्या. फक्त दांड्या टिंबांपासून फटकून उभ्या होत्या, भांडण झालेल्या जोडप्यासारख्या. बायकोच्या मापात काही तरी चुकलं होतं. मी तसं म्हटल्यावर तिने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं त्यावरून मीही थोडा फटकून उभा राहिलो. मापं सुधारली, दांड्या चिकटल्या.

सासरे पडद्यापाशी वाकले. मग म्हणाले, "ही मी काढली नाहीत, पण आहेत माझीच." संध्याकाळी त्यांनी माळ्यावरून निबांची डबी काढायला लावली. लिहायला नाही, नुसती जवळ असावी म्हणून.

आता सगळं झालं असं वाटून मी फाइल मास्तरांना पाठवली आणि तिथे माशी शिंकली. मास्तरांनी ती पंपघराच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर उघडून छापली. त्या कॉम्प्युटरवर आमचा फॉन्ट नव्हता. सगळ्या पानांवर पुन्हा चौकटी आल्या, पाच रेघांवर ओळीने मांडलेल्या. बाकीचे हसले, पण भोंग्याने चौकटींचं पान स्टँडवर लावलं आणि बाकीच्यांनी पाठ असलेली जुनी चाल वाजवून संपवेपर्यंत ट्युबा मांडीवर घेऊन शांत बसून राहिला. विचारलं तर म्हणाला, रिकामं दिलंय, म्हणजे मला सुट्टी. असा आराम त्याला बँडमध्ये आजवर मिळाला नव्हता म्हणे. मी फॉन्ट फाइलच्या आतच बसवून नव्याने पानं पाठवली, म्हणजे कुठेही छापा, अक्षर बदलणार नाही. या वेळी पानं चोख निघाली.

तालमीच्या दिवशी सासऱ्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. पंपघरामागच्या गोदामात तालीम चालते. भिंतीला लागून मोठमोठे पाइप, कोपऱ्यात गंजलेल्या चाव्यांचा ढीग, आणि मधल्या मोकळ्या जागेत खुर्च्यांचं अर्धवर्तुळ. पानं वाटली गेली तसा एकेकाचा चेहरा फुलला. क्लॅरिनेटवाल्या बाई म्हणाल्या, काका, अगदी तरुणपणीचं अक्षर. ट्रम्पेटवाल्याने पान नाकाला लावून वास घेतला. सासरे "छे, छे, माझं कसलं, लेकीचं आणि जावयाचं काम" म्हणत होते, आणि खूश होते. बायकोने माझा हात दाबला. मास्तरांनी काठी उचलली.

पहिला स्वर आला आणि सगळ्या बँडने श्वास घेतला. दुसरा स्वर आला, पुन्हा श्वास. तिसरा, श्वास. पूं, हुश्श, पूं, हुश्श. पाणीपुरवठा खात्याचा अख्खा बँड टाकीचा जिना धावत चढून आल्यासारखा धापा टाकत होता. ढोलवाल्याचा श्वासाशी काय संबंध, पण तोही प्रत्येक ठोक्यानंतर थांबून इतरांकडे बघायला लागला. क्लॅरिनेटवाल्या बाईंना चक्कर आली. मास्तरांनी काठी आपटून थांबवलं आणि हे काय चाललंय असं विचारलं.

"पानात आहे," भोंगा म्हणाला. "प्रत्येक टिंबाला श्वास घ्या."

"कुठे आहे पानात?"

"ही काय, सगळी भरलेली टिंबं. दौतकाका जिथे भरलेलं टिंब काढतात तिथे श्वास घ्यायचा."

मास्तरांनी सासऱ्यांकडे बघितलं. सासऱ्यांचा चेहरा पार पडला होता. "मी असं कधी सांगितलं?" ते म्हणाले.

"तुम्ही कशाला सांगाल," क्लॅरिनेटवाल्या बाई म्हणाल्या. "आम्ही बघत आलो."

कपाटातून जुनं पान काढलं गेलं आणि सगळी डोकी त्यावर वाकली. खरंच होतं. एक टिंब काळंभोर, पुढची हळूहळू फिकी, वाळकी होत जाणारी, आणि मग एकदम पुन्हा काळंभोर. टाक ताज्या शाईत बुडवल्यावरचं पहिलं टिंब. आणि ते दर वेळी बरोबर चालीची एक ओळ संपून दुसरी सुरू होते तिथे. बँडमध्ये आलेल्या प्रत्येकाने शेजारच्याचं बघून हे उचललं होतं, कोणी कोणाला शिकवलं नव्हतं, आणि मास्तरांना पत्ताच नव्हता, कारण ते नेहमी स्वतःचा मोठा कागद वाचत. छापील पानांवर एकही टिंब भरलेलं नव्हतं म्हणून बँड घुसमटला होता. आमच्या फॉन्टमध्ये एकच टिंब होतं, सगळ्यात देखणं, सगळ्यात भरलेलं, म्हणून बँड धापा टाकत होता.

सासरे खुर्चीवर बसले. "मला वाटायचं, शाई संपली की बुडवतो," ते स्वतःशीच म्हणाले.

मास्तर वैतागले होते. उद्घाटन चार दिवसांवर आलं होतं. ते म्हणाले, आता प्रयोग पुरे, छापील पानं घेऊ, मी कुठे श्वास घ्यायचा ते तोंडी सांगतो. सासऱ्यांनी मान डोलावली आणि निघायला उठले. त्या माणसाला तसं उठताना बघून मला इतका राग आला की कोणाचा ते कळेना. मास्तरांचा नाही, भोंग्याचा नाही. बहुधा त्या देखण्या टिंबाचा. बायको मास्तरांसमोर जाऊन उभी राहिली. तिने विचारलं, तोंडी सांगितलेलं भोंगाभाऊ ऐकतात का? मास्तरांनी भोंग्याकडे बघितलं. भोंगा प्रामाणिकपणे म्हणाला, "मी कागदावरचं वाजवतो." मास्तरांनी एक दिवस वाढवून दिला.

सुट्टीची सकाळ होती. बायकोने फॉन्टमध्ये दुसरं टिंब घातलं, वाळकं. आता सगळं पान वाळक्या टिंबांचं झालं आणि हवी तिथे भरलेली टाकायची एवढंच उरलं. पण हवी तिथे म्हणजे कुठे? सासऱ्यांना पान दिलं, लाल पेन्सिल दिली. त्यांनी चष्मा पुसला, विचार केला, पुन्हा विचार केला, आणि फार शिस्तीत, सारख्या अंतरावर खुणा केल्या. मग आपणच गुणगुणून बघितलं आणि मधल्या मध्ये दम तुटला. खोडल्या, दुसऱ्या केल्या, त्याही नाही जमल्या. पेन्सिल ठेवून ते म्हणाले, "नाही गं. मला माहीतच नाही."

बायकोने निबांची डबी उघडली. टाकाला निब लावली. दौत धुऊन रिकामीच त्यांच्या उजव्या हाताशी ठेवली, नेहमीच्या जागी. पान समोर सरकवलं आणि म्हणाली, बाबा, विचार करू नका, नुसतं उतरवा. शाई नाहीये, हात हलला तरी काही बिघडत नाही.

त्यांनी कोरडा टाक पहिल्या टिंबावर ठेवला. हात थरथरत होता. ते चाल गुणगुणायला लागले, अगदी हळू, आणि टाक एका टिंबावरून दुसऱ्यावर जायला लागला. काही टिंबं गेली आणि हात आपोआप उचलला गेला, दौतीत बुडाला, कडेला निथळला आणि परत आला. त्यांच्या लक्षातही आलं नाही. बायको म्हणाली, "इथे." मी क्लिक केलं, आणि पडद्यावरचं ते टिंब भरलं.

पुढच्या पानावर पुढच्या वाद्याचे श्वास. ते लिहीत होते, ती बघत होती, मी भरत होतो. एकदा घाईत मी चुकीचं टिंब भरलं तर ते गुणगुणणं न थांबवता म्हणाले, "जावईबापू, तिथे नाही, टाक अजून ओला आहे." रिकाम्या दौतीसमोर बसून ते हे बोलले. मी माउसकडे बघत राहिलो. ट्युबाच्या पानावर त्यांनी बरेच श्वास दिले. मी विचारलं तर म्हणाले, अंगाने मोठा आहे, त्याला लागतात.

दुसऱ्या दिवशी बँड वाजवायला बसला आणि नीट वाजवून उठला. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, सगळ्यांनी एकत्र श्वास घेतला आणि कोणालाही चक्कर आली नाही. मास्तर आमच्यापाशी आले आणि म्हणाले, पानांच्या कोपऱ्यात नेहमीसारखं "नक्कल: दौतकाका" घाला. सासरे नको म्हणाले. नक्कल मशीनने केलीय, खोटं कशाला लिहायचं. ते हट्टाने बोलत नव्हते, खरंच तसं मानत होते, आणि मी बायकोकडे बघितलं तर तिला पुन्हा ते स्वयंपाकघरातलं वाक्य आठवलेलं दिसलं.

ट्युबा खोक्यात ठेवता ठेवता भोंगा म्हणाला, "मग श्वास लिहा. श्वास तर काकांचाच आहे."

हे सासऱ्यांनी नाकारलं नाही.

घरी येऊन मी कोपऱ्यात "श्वास: दौतकाका" असं टाइप केलं आणि मोठ्या हौसेने फॉन्ट "दौत" निवडला. रिकाम्या चौकटींची रांग. त्यात अक्षरं नाहीतच हे मी साफ विसरलो होतो. सासरे मागून म्हणाले, "आल्या का खिडक्या?" बायकोने कॉम्प्युटर बाजूला सारला, दौतीत खरी शाई ओतली आणि कोरा कागद त्यांच्यापुढे ठेवला. ते घाबरले, हात हलेल म्हणाले. ती म्हणाली, हलू दे. त्यांनी टाक बुडवला आणि ते दोन शब्द लिहिले. श्व वर आला, स खाली घसरला, शेवटच्या 'का'वर नसलेली वेलांटी दिल्यासारखी दिसत होती. तिने ते जसंच्या तसं स्कॅन करून प्रत्येक पानावर सगळ्यात वर, पहिल्या टिंबाच्या आधी लावलं.

टाकीच्या उद्घाटनाला मी भोंग्याच्या मागेच उभा होतो, म्हणून मला त्याचं पान दिसत होतं. वाकड्यातिकड्या अक्षरांकडे तो गंभीरपणे बघत होता, आणि मला धडकी भरली होती की हा तेही वाजवतो की काय. मी वाकून हळूच विचारलं, भोंगाभाऊ, वरच्या ओळीचं काय करणार? तो म्हणाला, "भरलेली शाई आहे. तिथे श्वास घ्यायचा."

सासरे माझ्या शेजारी उभे होते, उजवा हात पँटच्या खिशात. मास्तरांनी काठी उचलली. खिशातला हात टाक बुडवल्यासारखा जरासा खाली गेला, आणि पहिला स्वर यायच्या आधी सगळ्या बँडने एकदम श्वास घेतला.